विश्लेषण : पापणी डोळ्यालाच चिकटते तेव्हा... ‘सिम्ब्लेफेरॉन’ म्हणजे काय? चुन्याची पुडी त्याला कशी कारणीभूत ठरते?

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची छोटी प्लास्टिकची पुडी. घरातल्या कुणाच्या तरी सदऱ्याच्या खिशात, कोनाड्यात किंवा दुचाकीच्या डिकीत पडलेली. लहान मूल ती खेळायला घेते, दाबते, दातांनी फोडू पाहते आणि आतला पातळ चुना पिचकारीसारखा थेट डोळ्यात उडतो. मूल किंचाळते. घरचे पदराने डोळा पुसतात, फुंकर घालतात, कोणी तुपाचे बोट फिरवते, कोणी गुलाबपाणी शोधते. मग रिक्षा आणि मग दवाखाना. चुना डोळ्यात जाऊन तोवर अर्धा तास उलटलेला असतो. काही आठवड्यांनी डोळ्याची लाली उतरते, दुखणे थांबते, घरच्यांना हायसे वाटते. पण खालची पापणी बोटाने ओढून पाहिली तर ती डोळ्यापासून सुटत नाही. पापणी आणि बुबुळ यांच्यामध्ये मांसाचा पडदा तयार झालेला असतो. नेत्रवैद्यकात या अवस्थेला ‘सिम्ब्लेफेरॉन’ म्हणतात. हा नेमका प्रकार काय, तो टाळता येतो का आणि झाल्यावर उपाय काय, याचा हा आढावा.

सिम्ब्लेफेरॉन म्हणजे काय?

ग्रीक भाषेत ‘सिम’ म्हणजे एकत्र आणि ‘ब्लेफेरॉन’ म्हणजे पापणी. पापणीची आतली बाजू आणि डोळ्याचा गोळा एकमेकांना कायमचे जोडले जाणे म्हणजे सिम्ब्लेफेरॉन. सकाळी उठल्यावर चिपडांमुळे पापण्या चिकटलेल्या असतात, तो हा प्रकार नव्हे. कोमट पाण्याने पुसल्यावर ती चिकटण सुटते. झटपट गोंद डोळ्यात उडून वरची आणि खालची पापणी एकमेकींना चिकटतात, तोही प्रकार वेगळा. सिम्ब्लेफेरॉनमध्ये मधे गोंद किंवा चिपडे नसतात, तर जिवंत ऊतींचा व्रण असतो. तो धुऊन जात नाही आणि ओढून सुटत नाही.

हे नीट समजण्यासाठी पापणीच्या आत डोकवावे लागेल. डोळ्याचा पांढरा भाग ज्या पातळ, ओलसर, जवळपास पारदर्शक आवरणाने झाकलेला असतो, त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. हेच आवरण पुढे वळून पापणीच्या आतल्या बाजूवर अस्तरासारखे पसरते. जिथे ते वळते तिथे एक खोल घडी तयार होते. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा पापणीचा तुटलेला केस डोळ्याच्या मागे निघून जात नाही, त्याचे कारण ही घडीच आहे. तिथे वाट बंद असते. ही घडी सैल असते म्हणून डोळा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे मोकळेपणाने फिरतो. सिम्ब्लेफेरॉनमध्ये नेमकी ही घडी भरून निघते, आखडते किंवा नाहीशीच होते. कधी फक्त एखादी बारीक दोरीसारखी पट्टी दिसते, तर कधी अख्खी पापणी बुबुळावर ओढली जाते.

निरोगी पापणी का चिकटत नाही?

खरे तर हा प्रश्न आधी पडायला हवा. पापणी आणि डोळा दिवसरात्र एकमेकांना टेकलेले असतात. झोपेत तर सहा-सात तास हालचालही फारशी नसते. तरीही ते चिकटत नाहीत, कारण दोन्ही पृष्ठभागांवर पेशींचा अखंड थर असतो आणि मधे अश्रूंचा पातळ पदर. नेत्रश्लेष्मलेतल्या विशिष्ट पेशी बुळबुळीत स्राव तयार करतात, तो वंगणाचे काम करतो.

रसायनाने, भाजण्याने किंवा आजाराने समोरासमोरचे दोन्ही थर सोलवटले की गणित बदलते. भाजलेल्या हाताला पट्टी बांधताना डॉक्टर प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये कापड ठेवतात, हे अनेकांनी पाहिले असेल. तसे केले नाही तर दोन उघड्या जखमा एकमेकींना धरून भरतात आणि बोटे जोडली जातात. डोळ्यात हेच घडते, फक्त तिथे मध्ये कापड ठेवायला कोणी नसते. सुरुवातीला जखमेतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाचा मऊ साका दोन पृष्ठभागांना धरतो. पुढच्या काही दिवसांत त्यात तंतू तयार करणाऱ्या पेशी शिरतात, रक्तवाहिन्या वाढतात आणि काही आठवड्यांत मऊ चिकटणीचा पक्का व्रण होतो. व्रणाचा स्वभाव आकसण्याचा. त्यामुळे जखम भरल्यानंतरही पापणी ओढली जात राहते. ‘डोळा बरा झाला’ असे घरच्यांना वाटते, तेव्हाच ही दुसरी प्रक्रिया आत चालू असते.

चुना एवढा घातक का?

भारतातील नेत्ररुग्णालयांत लहान मुलांच्या डोळ्यांना होणाऱ्या रासायनिक इजांमध्ये चुना हे प्रमुख कारण असल्याचे वारंवार दिसून आले आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील नेत्रतज्ज्ञांनी २००३मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चुन्याच्या पुड्यांच्या धोक्याबद्दल इशारा दिला होता. त्याला दोन दशके उलटली. पुडी अजून टपरीवर आहे.

ॲसिड म्हटले की आपण दचकतो, चुन्याबद्दल मात्र कोणाला भीती वाटत नाही. तो खाल्ला जातो, विड्याला लावला जातो, भिंतीला फासला जातो, लचकलेल्या पायावर गुळाबरोबर बांधला जातो. पण डोळ्याच्या बाबतीत अल्कली, म्हणजे चुन्यासारखे क्षारीय पदार्थ, बहुतेक वेळा ॲसिडपेक्षा जास्त वाईट ठरतात. ॲसिड पडले की पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिडला आणखी आत शिरायला काहीसा अटकाव होतो. (अर्थात तीव्र ॲसिड हा अटकावही जुमानत नाही.) अल्कलीचे तसे नसते. पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचा ती अक्षरशः साबण करते, पेशी विरघळतात आणि ती खोल उतरत जाते. तीव्र अल्कली काही मिनिटांत बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून डोळ्याच्या आत पोहोचू शकते.

आकड्यांत सांगायचे तर अश्रूंचा पीएच साधारण ७.४ असतो आणि चुन्याच्या संपृक्त निवळीचा १२.४ च्या आसपास. फरक फक्त पाचाचा दिसतो. पण पीएचच्या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहा पटींची असते, म्हणजे क्षारीयता एक लाख पटींनी जास्त.

चुन्याचा दुसरा दुर्गुण त्याच्या चिकटपणात आहे. द्रव ॲसिड पाण्याने वाहून जाते. चुन्याचा लगदा आणि कण वरच्या पापणीखालच्या खोल घडीत जाऊन बसतात. वरवर डोळा स्वच्छ दिसतो, आतले कण मात्र तासन् तास थोडी थोडी अल्कली सोडत राहतात. त्यामुळेच पापणी आणि डोळा या दोघांनाही एकाच जागी, समोरासमोर जखम होते. सिम्ब्लेफेरॉनला नेमके हेच लागते.

पुडी हा एक मार्ग झाला. दिवाळी-गणपतीआधी घराला चुना देताना, सिमेंट कालवताना, साखर कारखान्यात रस शुद्ध करण्यासाठी चुन्याची निवळी हाताळतानाही डोळ्यात चुना उडतो. २०२५च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’ नावाच्या घरगुती खेळण्याने अनेक मुलांचे डोळे जखमी केले. या नळीत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याचा बार उडतो. या रासायनिक क्रियेत मागे काय उरते? कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच. नळीत वाकून पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यावर आग आणि अल्कली यांचा मारा एकदमच होतो. फटाक्याच्या भाजण्यापेक्षा ही इजा वेगळी का, याचे उत्तर या रसायनशास्त्रात आहे.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे?

पाणी. या एका शब्दापुढे बाकी सारे उपचार दुय्यम आहेत. डोळ्याचे भवितव्य बऱ्याच अंशी रसायन किती वेळ आत राहिले यावर ठरते, आणि तो वेळ रुग्णालयाच्या नव्हे तर घरच्यांच्या हातात असतो.

जवळ जे स्वच्छ पाणी असेल ते घ्या. नळ, माठ, प्रवासात असाल तर पाण्याची बाटली. उकळलेले, गाळलेले पाणी शोधत बसू नका. ज्या डोळ्यात रसायन गेले तो खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करा, म्हणजे वाहणारे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा. मूल डोळा घट्ट मिटून घेणारच, तेव्हा एकाने मुलाला धरायचे, दुसऱ्याने पापण्या उघडायच्या आणि तिसऱ्याने पाण्याची धार सोडायची. चेहऱ्यावर हबके मारून उपयोग नाही, पाणी पापणीच्या आत जायला हवे. डोळा वर, खाली, दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. घड्याळ लावून किमान १५ ते ३० मिनिटे हे चालू ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. कळीच्या चुन्याची कोरडी पूड चेहऱ्यावर वा पापणीवर असेल तर ती आधी झटकून टाका, कारण पाण्याशी संयोग होताच ती तापते. मात्र डोळ्याच्या आत गेलेल्या कणांसाठी भरपूर पाणी हाच उपाय आहे.

दूध, तूप, मध, गुलाबपाणी, खोबरेल तेल, हळद यांपैकी काहीही घालू नका. ॲसिड गेले म्हणून सोड्याचे पाणी आणि चुना गेला म्हणून लिंबू, हा शाळेतल्या प्रयोगशाळेचा तर्कही इथे चालवू नका. त्या क्रियेतून उष्णता निघते आणि नवी इजा होते. डोळा चोळायचा नाही, पट्टी बांधून झाकायचा नाही. दवाखाना हाकेच्या अंतरावर असला तरी आधी धुवायचे आणि मग निघायचे. शक्य असेल तर वाटेतही धुणे चालू ठेवायचे. जाताना चुन्याची पुडी किंवा रसायनाची बाटली सोबत घ्या, डॉक्टरांना त्याची मदत होते.

रुग्णालयात सलाइनने पुन्हा धुतात, पीएच दाखवणारी कागदी पट्टी डोळ्याला लावून तो पूर्ववत झाला की नाही हे तपासतात आणि वरची पापणी दुहेरी उलटून आत दडलेले कण काढतात. लहान मुलांत यासाठी कधी भूलही द्यावी लागते. चुना डोळ्यात गेलेल्या रुग्णाची पापणी उलटून पाहिल्याशिवाय त्याला थेंब देऊन घरी पाठवणे, ही चूक छोट्या दवाखान्यांत होते. नातेवाईकांनी ‘पापणी उलटून पाहिली का?’ असे विचारण्यात गैर काहीच नाही.

गोळी घेतल्याने पापणी कशी चिकटेल?

सिम्ब्लेफेरॉनचे हे कारण सर्वांत अनपेक्षित आहे. १९२२मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकी डॉक्टरांनी ताप, अंगभर पुरळ, तोंडाला फोड आणि डोळ्यांची तीव्र जळजळ असलेल्या दोन मुलांची नोंद केली. पुढे या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. बहुतेक प्रौढांत तो एखाद्या औषधाच्या विपरीत प्रतिक्रियेतून होतो. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल, सल्फा वर्गातली औषधे, एचआयव्हीवरचे नेव्हिरापिन आणि काही वेदनाशामके ही त्यातली नेहमीची नावे. आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे चालू असलेली औषधे घाबरून बंद करण्याचे कारण नाही. मात्र नवे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, तोंडात फोड, लाल डोळे आणि अंगावर दुखरे पुरळ एकत्र दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठले पाहिजेत. कार्बामाझेपिनच्या बाबतीत विशिष्ट जनुकीय प्रकार असलेल्यांना धोका जास्त असतो. म्हणूनच अमेरिकी औषध प्रशासनाने २००७मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत हे औषध सुरू करण्याआधी जनुकीय चाचणीची शिफारस केली.

या आजारात त्वचेसारखेच डोळ्याचे आणि पापणीचे आतले आवरणही सोलवटते, आणि तेही दोन्ही डोळ्यांत. रुग्ण अतिदक्षता विभागात असतो, जीव वाचवण्याची धावपळ चालू असते आणि मिटलेल्या पापण्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. दोन-तीन आठवड्यांनी रुग्ण शुद्धीवर येऊन घरी जायला निघतो तोवर चिकटण पक्की झालेली असते. पहिल्या आठवड्यातच डोळ्यांवर गर्भावरणाचा पातळ पडदा बसवला तर हे बऱ्याच प्रमाणात टळते. दिल्लीच्या ‘एम्स’ने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असा पडदा लावलेल्या डोळ्यांचे निकाल केवळ औषधे दिलेल्या डोळ्यांपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. त्यामुळे अतिदक्षता विभागातल्या अशा रुग्णासाठी नेत्रतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी बोलावणे ही चैन नव्हे.

अन्य कारणे कोणती?

उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच श्लेष्मल आवरणावर हल्ला करते असा ‘पेम्फिगॉइड’ नावाचा आजार आढळतो. त्यात डोळे वर्षानुवर्षे लाल राहतात, थेंब बदलून बदलून रुग्ण थकतो आणि खालची घडी हळूहळू उथळ होत जाते. इथे नुसती शस्त्रक्रिया केली तर आजार आणखी भडकू शकतो. आधी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे द्यावी लागतात. खुपऱ्या हे पूर्वी मोठे कारण होते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४मध्ये मान्य केले. डोळ्यात वाढलेले मांस काढण्याची शस्त्रक्रिया वारंवार झाली तरी चिकटण येऊ शकते. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर पसरलेली डोळे येण्याची साथ अनेकांना आठवत असेल. बहुतेकांचे डोळे आठवड्याभरात बरे झाले. मात्र विषाणूजन्य संसर्ग तीव्र असेल आणि पापणीच्या आत पांढरट पापुद्रा धरला, तर तो वेळीच काढावा लागतो, नाहीतर मागे व्रण राहतो.

पापणी चिकटल्याने दृष्टी का जाते?

चिकटलेली पापणी दिसायला वाईट दिसते, पण खरा प्रश्न दिसण्याचा नाही. डोळा एका बाजूला अडकल्यामुळे तो दुसऱ्या डोळ्याबरोबर फिरत नाही आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात. पापणी पूर्ण मिटत नाही, त्यामुळे झोपेतही बुबुळ उघडे राहून कोरडे पडते. अश्रूग्रंथींची तोंडे व्रणात बुजतात. पापणीची कड आत वळली की केस बुबुळावर घासतात. स्टीव्हन्स-जॉन्सनच्या रुग्णांत पापणीच्या आतल्या कडेला त्वचेसारखा खरबरीतपणा येतो. माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. म्हणजे दर चार सेकंदांनी बुबुळावर पॉलिश पेपर फिरवल्यासारखेच.

बुबुळाच्या कडेला, काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, मूलपेशींचे वास्तव्य असते. बुबुळाचा पृष्ठभाग सतत नवा राखण्याचे काम त्या करतात. रासायनिक इजेत या पेशी जळाल्या तर बुबुळावर रक्तवाहिन्या आणि अपारदर्शक आवरण चढते आणि तो डोळा धूसर होतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवा, दिसायला लागेल’ असे नातेवाईकांना वाटते. पण कडेच्या मूलपेशी नसतील आणि पापणी चिकटलेली असेल, तर नुसते प्रत्यारोपण केलेले बुबुळही थोड्याच काळात तसेच पांढरे पडते. जमीन नापीक असताना नवे रोप लावून उपयोग नसतो, तसेच हे.

लहान मुलांत आणखी एक घड्याळ टिकटिकत असते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहायला शिकत असतो. त्या वयात एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. एकीकडे दाह पूर्ण शमेपर्यंत मोठी शस्त्रक्रिया लांबवायची असते, दुसरीकडे मुलाचे वय थांबत नाही. पुडी फुटलेल्या चार वर्षांच्या मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सर्वांत कठीण निर्णय हाच असतो.

चिकटलेली पापणी सोडवता येते का?

कात्रीने सोडवणे सोपे आहे. सुटलेली ठेवणे कठीण. नुसता व्रण कापला तर पुन्हा दोन उघड्या जखमा समोरासमोर येतात आणि काही आठवड्यांत, बऱ्याचदा आधीपेक्षा घट्ट, चिकटतात. म्हणून व्रण काढल्यानंतर उघड्या पडलेल्या जागेला नवे अस्तर द्यावे लागते.

त्यासाठी सर्वाधिक वापर होतो तो गर्भावरणाचा. पोटातल्या बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचा हा आतला थर. सिझेरियननंतर, आईची संमती आणि एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस यांच्या चाचण्या करून तो घेतला जातो आणि अतिशीत तापमानात साठवला जातो. दाह कमी करणे आणि व्रण रोखणे हे त्याचे गुण, शिवाय शरीर तो सहसा नाकारत नाही. १९४०मध्ये डी रोथ यांनी डोळ्यात गर्भपटलाचा वापर केला तो याच आजारासाठी. नंतर ही पद्धत विस्मृतीत गेली आणि १९९०च्या दशकात पुन्हा रूढ झाली. चिकटण मोठी असेल तर रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्यातून नेत्रश्लेष्मलेचा तुकडा घेतात. दोन्ही डोळे खराब असतील तर ओठाच्या आतले गुलाबी अस्तर पापणीला शिवतात. शिवाय घडी पुन्हा भरू नये म्हणून काही आठवडे डोळ्यात प्लास्टिकचे कडे ठेवले जाते. ते थोडे टोचते. रुग्ण कंटाळून ते काढायला सांगतात आणि डॉक्टर ऐकत नाहीत, हे बरेच आहे.

मूलपेशींच्या प्रश्नावर भारतातून निघालेला उपाय आज जगभर वापरला जातो. पूर्वी निरोगी डोळ्यातून मूलपेशींचा मोठा पट्टा काढून दुखावलेल्या डोळ्यात लावत. त्यात चांगला डोळा धोक्यात येण्याची भीती असे. १९९७मध्ये इटलीतल्या संशोधकांनी या पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावून दाखवल्या, पण तशी प्रयोगशाळा महागडी. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी त्यावर साधी तोड काढली आणि ती २०१२मध्ये प्रसिद्ध केली. निरोगी डोळ्यातून केवळ दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि गर्भावरण पसरलेल्या बुबुळावर ते जैविक गोंदाने रोपांसारखे लावायचे. पेशी डोळ्यातच वाढतात. प्रयोगशाळा लागत नाही, एकाच बैठकीत काम होते. ‘स्लेट’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. एका डोळ्याला रासायनिक वा भाजण्याची इजा झालेल्या १२५ रुग्णांच्या २०१६मधील अहवालात ७६ टक्के रुग्णांत ती यशस्वी ठरली. ती अयशस्वी होण्याच्या कारणांत ॲसिडची इजा आणि तीव्र सिम्ब्लेफेरॉन ही दोन नावे ठळक होती. म्हणजे मूलपेशींचे यशही शेवटी पापणीवर येऊन ठेपते.

दोन्ही डोळ्यांच्या मूलपेशी गेल्या असतील तर वाट अवघड होते. नातेवाईकाच्या पेशी घ्याव्यात तर त्या नाकारल्या जाऊ नयेत म्हणून दीर्घकाळ औषधे आली. काही रुग्णांना अश्रूंचा साठा धरून ठेवणारी मोठी, कडक लेन्स दिलासा देते. अगदी शेवटचा पर्याय कृत्रिम बुबुळाचा. त्यातला एक प्रकार ऐकताना खोटा वाटावा असा आहे. १९६०च्या दशकात इटलीतील स्ट्रॅम्पेली यांनी रुग्णाचाच दात मुळाच्या हाडासह कापून, त्यात भोक पाडून लेन्स बसवली आणि ती डोळ्यात रोवली. वरून ओठा-गालाचे अस्तर. कोरड्याठाक डोळ्यातही तो तुकडा टिकतो, कारण तो शरीराचाच असतो. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात ही शस्त्रक्रिया केली जाते.

पापणी मिटता न येणाऱ्यांच्या केवायसीचे काय झाले?

ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या अनेकांच्या पापण्या जळालेल्या किंवा चिकटलेल्या असतात. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये निर्बंध घातले, महाराष्ट्रात त्याच वर्षी पीडितांसाठी मनोधैर्य योजना आली आणि २०१६च्या कायद्याने ॲसिड हल्लापीडितांना दिव्यांगांमध्ये स्थान मिळाले. मात्र मोबाइलवरून बँक खाते उघडण्याची सोय आल्यावर एक नवीच अडचण उभी राहिली. समोरची व्यक्ती जिवंत आहे, छायाचित्र नाही, याची खात्री करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करायला सांगितले जाते. ज्यांची पापणी हलतच नाही त्यांनी काय करायचे? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना याच कारणाने बँकेत खाते उघडताना अडवण्यात आले आणि त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि केवायसीची प्रक्रिया दिव्यांगांना सुलभ करण्यासाठी २० निर्देश दिले. व्यक्ती जिवंत असल्याची पडताळणी पापण्यांच्या उघडझापेवरच अवलंबून न ठेवता त्यासाठी अन्य पर्याय द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. पापणी मिटता येत नाही म्हणून अर्ज नाकारला गेल्यास या निकालाचा हवाला देऊन पर्यायी पडताळणीची लेखी मागणी करता येते.